कमरेची सुरी

कमरेला लावायची सुरी घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी पातं हातात घेतो. अंगठ्याने धार चाचपतो, चकाकी बघतो, पोलाद कुठलं म्हणून विचारतो. म्यानाकडे त्याचं लक्ष शेवटी जातं, तेही पिशवीत टाकताना. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा हवा. ही सुरी दिवसभरात जे काही कापते ते मिनिटांच्या हिशोबात. बाकी सगळा वेळ ती म्यानात असते आणि म्यान आपल्या अंगावर असतं. आपण गाडीवर बसतो, झाडाखाली उकिडवे बसतो, टेम्पोच्या फाळक्यावर चढतो, टपरीवर चार माणसांत चहा पितो, तेव्हाही ती कमरेलाच असते. घेताना या सगळ्या वेळाचा विचार आधी करावा.

मी राहतो सोलापुरात आणि आमची डाळिंबाची बाग पुणे रस्त्याला, मोटारसायकलवर तासाभराच्या अंतरावर. वाटेत केगाव लागतं, जिथे 2005 मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या शिवारात त्याची बरीच चर्चा झाली. बाग म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर छाटणीची कात्री येते आणि ते बरोबरच आहे, फांदी कापायचं काम सिकेटरचंच. पण सिकेटरच्या आगेमागे शंभर बारीक कामं असतात. खताच्या गोणीची शिलाई तोडायची. ठिबकची 16 मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतली नळी, कापून जॉइंटर बसवायचा. झाडाला आधार दिलेल्या तारेभोवतीची जुनी सुतळी सोडवायची. तडकलेलं फळ उभं चिरून आतले दाणे बघायचे. आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे गुटी कलम, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून नवं रोप करणं. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरची अडीच-तीन सेंटिमीटरची साल गोल काढायची, आतल्या लाकडाला इजा होऊ द्यायची नाही, मग तिथे ओलं शेवाळ बांधून प्लॅस्टिक गुंडाळायचं. हे काम ज्या पात्याने नीट होईल, त्याने बाकीची सगळी होतात. उलटं मात्र होत नाही.

घडीचा चाकू का नको, हे मला अनेक जण विचारतात. खिशात मावतो, कुणाला दिसत नाही, बोचत नाही. घरातल्या माणसाला तो पुरतो, माझी काही हरकत नाही. बागेत मात्र बहुतेक वेळा एका हाताने फांदी धरलेली असते आणि चाकू उघडायला दोन हात लागतात. शिवाय डाळिंबाचा रस, लाल माती आणि औषधाचे शिंतोडे बिजागरीत शिरतात आणि आठवड्यात चाकू कुरकुरायला लागतो. आतली घाण निघत नाही. पातं पक्कं बसलेली सुरी नळाखाली धरली की धुतली जाते, आणि जोर लावताना ती बोटांवर मिटण्याची भीती नसते.

आता म्यान.

म्यान निवडताना मी पहिली गोष्ट बघतो ती खालच्या टोकाची. मऊ चामड्याच्या पिशवीसारख्या म्यानातून पात्याचं टोक बाहेर येऊ शकतं. चालताना ते येणार नाही, पण गाडी घसरून माणूस कुशीवर पडला तर येईल. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. म्हणून सुरी पोटाच्या खाली समोर कधीच लावू नये. काही जण ती पाठीमागे, कमरेच्या मधोमध आडवी लावतात, कारण तिथे ती दिसत नाही. पण पाठीवर पडलं की ती कडक वस्तू थेट मणक्याखाली येते. दुचाकी चालवणाऱ्याने ही जागा तर विसरूनच जावी. उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कुशीवर, खिशाच्या शिलाईच्या थोडं मागे लावली तर हात सहज पोचतो, बसताना मांडी मोकळी राहते आणि पडल्यावर त्यातल्या त्यात कमी धोका असतो.

दुसरी गोष्ट म्यान किती खाली लोंबतं याची. फिनलंडमधल्या पुक्को नावाच्या पारंपरिक सुऱ्या कमरेपासून खाली लोंबत्या ठेवतात, म्हणजे वाकलं तरी मूठ पोटात रुतत नाही. उभ्याने काम करणाऱ्याला हे फार सोयीचं. पण मोटारसायकलच्या सीटवर बसलं की अशा म्यानाचं बूड सीटला टेकतं आणि सुरी वर ढकलली जाते. मूठ फक्त घर्षणाने धरलेली असेल तर खड्ड्याखड्ड्याला ती इंच इंच वर येते. सोलापूर-मोहोळ रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत आहे, पण बागेच्या वाटेवर शेवटचा तुकडा मातीचाच. त्यामुळे माझं म्यान पट्ट्याला जवळजवळ चिकटून, उंच बसवलेलं आहे. अर्धी मूठ पट्ट्याच्या वर राहते. वाकल्यावर ती बरगडीखाली थोडी टोचते, ते मी चालवून घेतो.

तिसरी गोष्ट पकडीची. म्यान उलटं धरून झटकलं तर सुरी पडता कामा नये. आणि तरीही एका हाताने, अंगठ्याने म्यानाचा काठ दाबून ती निघाली पाहिजे. कायडेक्स नावाच्या कडक प्लॅस्टिकची म्यानं या बाबतीत उत्तम. ते प्लॅस्टिक तापवून मऊ करतात, सुरीवर दाबून थंड करतात, मग सुरी आत जाताना टक् असा आवाज येतो आणि ती बसते. पाण्याने त्याला काही होत नाही. आमच्या मातीत त्याचा एकच दोष: आत गेलेला वाळूचा कण तिथेच राहतो आणि प्रत्येक वेळी पात्यावर ओरखडा ओढतो. आठवड्यातून एकदा तरी पाण्याच्या धारेने आतून धुवावं लागतं.

मला चामडं आवडतं आणि त्याला एक स्थानिक कारण आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर आपला सोलापूर जिल्हाही आहे. या चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. असं कमावलेलं चामडं कडक राहतं, आकार धरतं. आजकालच्या बॅगा-पाकिटांचं मऊ चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते दिसायला छान, पण म्यानासाठी लेचंपेचं. सोलापुरात ज्या मामांकडून मी चपला करून घेतो, त्यांच्यापुढे मी सुरी ठेवली आणि म्हटलं, हिला घर करून द्या. त्यांनी सुरी उलटीपालटी करून बघितली आणि पहिलीच अडचण काढली, "शिलाई कापल हे. मधी पट्टी घालावी लागंल की."

हाच प्रश्न या विषयातल्या चांगल्या कारागिरांनी जगभर सोडवलेला आहे आणि मामांना तो बघताक्षणी सुचला. पातं म्यानात घालताना धार नेमकी शिलाईवर घासते आणि हळूहळू दोरा तोडते. म्हणून दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, चामड्याची एक जादा पट्टी शिवतात. धार पट्टीवर टेकते, दोरा बाहेर सुरक्षित राहतो. विकतच्या स्वस्त म्यानात हीच पट्टी गाळलेली असते. दुकानात म्यान हातात घेऊन तोंडातून आत बघितलं की ती आहे की नाही लगेच कळतं. मामांनी म्यान शिवून झाल्यावर पाण्यात भिजवलं, सुरीला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून आत घातली, बोटांनी मुठीभोवती चामडं दाबून बसवलं आणि तसंच वाळायला ठेवलं. वाळल्यावर चामड्याने मुठीचा आकार धरला. बुडाला एक छोटं भोक पाडून घेतलं, आत गेलेलं पाणी निथळायला.

चामड्याची एक अट पाळावी लागते. सुरी महिनोन्‌महिने चामड्याच्या म्यानात बंद करून कपाटात ठेवायची नाही. चामडं हवेतली ओल धरतं आणि कमावताना वापरलेली सालीतली आम्लं त्यात असतात. दोन्ही मिळून पात्यावर गंज आणतात. अंगावर असेपर्यंत म्यानात, घरी आल्यावर बाहेर.

म्यान ठरलं की पात्याचा निर्णय बराचसा आपोआप होतो, कारण उंच बसणाऱ्या म्यानात लांब पातं मावत नाही. तीन ते साडेतीन इंच पुरे. यापेक्षा लांब पातं बसताना मांडीला टेकतं आणि त्याचा उपयोग होईल असं काम माझ्या दिवसात नसतं. मूठ मात्र छोटी करू नये. चारही बोटं मावली पाहिजेत. छोट्या सुऱ्यांमध्ये दोन-अडीच बोटांची मूठ देतात ती हौसेपुरती. लॅटरल कापताना जोर लावला की अशी मूठ तळहातात फिरते. मुठीच्या पुढे बोट अडकायला थोडा उंचवटा किंवा खाच हवी, कारण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तळहात घामाने कायम ओला असतो आणि टोक कशात खुपसताना बोट पुढे सरकलं तर थेट धारेवर जातं. पारंपरिक पुक्कोला असा अडसर नसतो, पण थंड प्रदेशातल्या त्या सुरीची मूठ धरणारा हात कोरडा असतो.

जाडीबद्दल माझं मत ठाम आहे. चार-पाच मिलिमीटर जाडीची पाती आज फार खपतात. मजबूत दिसतात, लाकूड फोडता येतं असं सांगतात. लाकूड फोडायला आपल्याकडे कुऱ्हाड आहे, कोयता आहे. जाड पातं कांद्यात घातलं की कांदा कापला जाण्याआधी फाटतो. गुटीची साल काढताना तर जाड पात्याची पाचर होते आणि साल उचकटते. दोन ते अडीच मिलिमीटर जाडी घ्यावी. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या, ज्यांच्या आजच्या कंपनीची मुळं 1891 पर्यंत जातात, साधारण याच जाडीच्या असतात आणि तिकडे सुतारापासून कोळ्यापर्यंत सगळे त्या वापरतात. त्यांची धारही शिकणाऱ्याला सोपी. पात्याच्या खालच्या भागात एकच रुंद उतार असतो. तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप बरोबर येतो.

पोलादावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथे डाळिंब मध्ये येतं.

आमच्याकडे चांगली सुरी म्हणजे ट्रकच्या पाट्याची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे आणि तिला आधार आहे. पाट्याचं पोलाद सिलिकॉन आणि मँगनीज मिसळलेलं, त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास. लोहार ते भट्टीत लाल करतो, ठोकतो, तेलात बुडवतो आणि पुन्हा हलकं तापवून पाणी उतरवतो. या दुसऱ्या तापवण्यात घासलेल्या पोलादावर रंग चढत जातात, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबलं तर धार कडक राहते, निळ्यावर गेलं तर पातं स्प्रिंगसारखं होतं. चांगला लोहार हे रंग नजरेने ओळखतो आणि नेमक्या क्षणी पातं आचेवरून काढतो. असं पातं पायरीच्या दगडावर घासलं तरी धार धरतं. मला त्याबद्दल अपार आदर आहे आणि घरात आमच्या विळ्या-खुरप्यांचं पोलाद तेच आहे.

बागेतल्या कमरेच्या सुरीसाठी मी तरीही स्टेनलेस निवडलं. कारण तेल्या.

डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूंचा रोग. पानावर, फांदीवर, फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि हातातोंडाशी आलेली बाग जाते. आमच्या भागात या एका रोगापायी लोकांनी बागा उपटून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. तो पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर पसरतो आणि माणसाच्या हत्यारांबरोबरही पसरतो. एका रोगट फांदीला लावलेली सुरी पुढच्या निरोगी झाडाला लावली की रोग पोचवण्याचं काम आपणच केलं. म्हणून प्रत्येक झाडानंतर हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात बुडवून घ्यायला सांगतात. हे द्रावण लोखंडाचं वैरी. साध्या कार्बन पोलादाच्या पात्यावर एका दुपारीत गंजाची तांबूस पावडर दिसते, संध्याकाळपर्यंत खड्डे. स्टेनलेससुद्धा यातून पूर्ण सुटत नाही. द्रावणात ठेवून विसरलं तर त्यालाही बारीक छिद्रं पडतात. पण बुडवून काढलं, दिवस संपल्यावर साध्या पाण्याने धुऊन पुसलं तर ते टिकतं. स्वीडिश 12सी27 या पोलादात क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास असतं आणि कार्बन 0.6 टक्के. धार पाट्याच्या पोलादाइतकी जिद्दी वाटत नाही, पण कपाच्या बुडाच्या खरखरीत काठावर दोन-चार वेळा ओढली की परत येते.

डाळिंबाचं फळही साध्या पोलादाला सोडत नाही. सालीत टॅनिन भरपूर असतं आणि लोखंडाशी जमून ते काळं पडतं. डाळिंबाची साल आणि लोखंड मिळून कापडाला काळसर रंग देतात हे जुन्या रंगाऱ्यांना ठाऊक होतं. सोलापूरसारख्या कापडाच्या गावाला तर हे सांगायला नको. साध्या सुरीने दहा फळं चिरली की पातं निळं-काळं होतं आणि फळाच्या कडेलाही तो डाग उतरतो. व्यापाऱ्याला दाणे दाखवायचे असतात तेव्हा हा डाग महागात पडतो.

एका कामाला मात्र मी साधं लोखंडच वापरतो. बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण करताना मोरचूद आणि चुना यांचं प्रमाण बरोबर जमलं की नाही हे बघायला त्यात स्वच्छ घासलेलं लोखंडी पातं थोडा वेळ बुडवून धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, म्हणजे चुना कमी पडला, आणि तसंच फवारलं तर पानं भाजतील. स्टेनलेसवर ही खूण भरवशाने उमटत नाही. त्यासाठी पाण्याच्या टाकीजवळ एक जुना विळा टांगलेला आहे आणि खंडेनवमीला त्याचीही पूजा कमरेच्या सुरीशेजारी होते.

लोकांचं काय, हा विषय मी मुद्दाम इतका वेळ मागे ठेवला, कारण माझ्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा आहे. कमरेला सुरी लावलेला माणूस समोर आला की बघणाऱ्याच्या मनात काहीतरी हलतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का एकदा मुलाला घेऊन आल्या होत्या. मी बोलत उभा होतो, तर त्या हळूच म्हणाल्या, "दादा, ते जरा मागं सारा की. पोरगं सारखं तिकडंच बघालय." त्यांनी मागितलं ते अगदी रास्त होतं. मुलाची नजर माझ्या कमरेच्या बरोबर उंचीला होती.

तेव्हापासून मी काळी, दातेरी, लष्करी थाटाची सुरी कुणालाही सुचवत नाही. बाभळीच्या लाकडाची मूठ, पितळी रिबिटा, चपलेच्या रंगाचं म्यान असं असलं की लोक तिच्याकडे विळ्याकडे बघावं तसं बघतात. कायदाही अवजार आणि शस्त्र यांत फरक करतो. शस्त्र नियमांप्रमाणे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात आणि घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेल्या त्यातून वगळलेल्या आहेत. आपली साडेतीन इंची सुरी यापासून फार लांब आहे. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली शहरात मनाई आदेश निघतात, सणासुदीला, मोर्चांच्या काळात, आणि त्यात सुरी बाळगण्यावर सरळ बंदी घालता येते. तेव्हा पातं किती इंची आहे हे कोणी मोजत बसत नाही. म्हणून माझा नियम असा की शहरात शिरण्याआधी सुरी म्यानासकट पट्ट्यावरून उतरवून गाडीच्या डिकीत, हत्यारांच्या डब्यात कुलूपबंद. आदेश लागू असेल त्या दिवसांत ती बागेतच राहते. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत कमरेला सुरी घेऊन फिरण्याचं कुठलंच कारण मला सुचत नाही. यासाठी म्यानाचा पट्टा बटणाचा असावा. पँटचा बेल्ट पूर्ण ओढून काढल्याशिवाय जे म्यान निघत नाही ते माणूस कंटाळून उतरवतच नाही, आणि मग सुरी नको तिथे जाते.

आणखी एक गोष्ट या सगळ्या सुऱ्या बनवणाऱ्यांच्या लक्षातच आलेली दिसत नाही. बागेत सुरीचं निम्म्याहून जास्त काम बायका करतात आणि त्यांच्या कमरेला पट्टा नसतो. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून त्या कामाला उभ्या राहतात. सुरी कधी कनवटीला, कधी पिशवीत, कधी झाडाच्या बुंध्याशी मातीत खोचलेली. कनवटीला उघडं पातं म्हणजे पोटाशी धार. मातीत खोचलेली सुरी पुढच्या ओळीत विसरली जाते आणि खुरपणाऱ्या दुसऱ्या हाताला सापडते. मी स्वतःच्या म्यानाचा इतका विचार केला आणि अक्कांच्या हातात तीच सुरी कशात ठेवलेली असते याकडे दुकानदार, कंपनी, शेतीची प्रदर्शनं, कुणीच बघत नाही, हे मला फार खटकतं.

आता मामांकडे दुसरं म्यान चाललंय. शर्टावरून बांधता येईल अशी खाटेची रुंद नवार घेतली आहे, तिच्यावर म्यान शिवायचं. अक्का डावखुऱ्या आहेत, म्हणून म्यान डाव्या कुशीला आणि मधली पट्टी उलट्या बाजूने. बक्कल पुढे ठेवली तर वाकल्यावर पोटाला लागते, मागे ठेवली तर एकटीने बांधता येत नाही. मामांचं म्हणणं बक्कल नकोच, दोन कड्या लावू, नवार त्यातून ओढून आवळता येईल. अक्कांनी दोन्ही बांधून बघायचं ठरवलंय, पुढच्या बाजाराच्या दिवशी.